आधी शेकोटी, मग राक्षस: कॅम्पेनसाठी स्वतःचे ऐच्छिक नियम आणि जीव कसे घडवायचे

माझ्या पहिल्या कॅम्पेनसाठी, म्हणजे टेबलवरच्या रोल-प्लेइंग खेळातल्या अनेक बैठकी (सेशन) चालणाऱ्या गोष्टीसाठी, मी एका राक्षसाची अकरा पानं लिहिली होती. त्याचं कूळ, त्याला लागलेला शाप, तीनशे वर्षांपूर्वीचं युद्ध, त्याच्या बोलीतल्या शिव्यासुद्धा. तो दुसऱ्या राउंडला मेला. त्यानंतर टेबलवर एकच प्रश्न आला: "याच्या अंगावर काही सापडतं का?"

त्याच कॅम्पेनमध्ये मी चौदा ऐच्छिक नियमही आणले होते. महिन्याभरात त्यातले दोन उरले, तेही एक खेळाडू दर वेळी आठवण करून द्यायचा म्हणून. पुढे बऱ्याच चुका करून एक चाळणी हाती लागली: या नियमामुळे, या माहितीमुळे खेळाडू काही वेगळं ठरवणार आहे का? ठरवणार नसेल तर ते माझ्या वहीत सुखाने राहू दे, टेबलवर यायची गरज नाही.

खाली डन्जन्स अँड ड्रॅगन्स या खेळाची २०१४ची पाचवी आवृत्ती धरली आहे, कारण मी तीच चालवते. तुमची सिस्टीम वेगळी असेल तर आकडे बदलतील, टप्पे तेच राहतील. उदाहरणही एकच घेतलंय: बर्फाळ डोंगरातला प्रवास, त्यासाठी गारठ्याचा एक नियम, आणि 'राखघोण' नावाचा मी रचलेला एक जीव. नुसता नियम किंवा नुसता जीव रचण्यापेक्षा ही जोडी एकत्र रचणं सोपं जातं. का, ते पुढे येईल.

जवळ काय हवं

- मूळ नियमपुस्तक, आणि आपण नेमकी कोणती आवृत्ती खेळतोय याची खात्री
- फाशांचा एक पूर्ण संच
- एक वही, किंवा एकाच जागी राहणारी फाइल. पाच ठिकाणी विखुरलेल्या नोंदी म्हणजे नोंदी नसल्यातच जमा
- कोरी कार्डं: एका कार्डावर एक नियम किंवा एक जीव
- टक्केवारी काढायला साधा कॅल्क्युलेटर
- सगळ्या खेळाडूंच्या कॅरेक्टर शीटची प्रत. ही बहुतेक जण विसरतात, आणि पुढे सगळं गणित अंदाजाने चालतं

१. आधी तक्रार लिहा

"मस्त नियम सुचला" इथून सुरुवात केली की फसलात. टेबलवर काय खटकतंय ते एका वाक्यात लिहा. माझं वाक्य होतं: "डोंगरात सात दिवस चालले तरी कुणाला डोंगर जाणवला नाही." सात रात्री मी वर्णनं करत होते, खेळाडू मान हलवत होते, आणि सकाळी सगळे ताजेतवाने. थंडी माझ्या वाक्यांत होती, त्यांच्या निर्णयांत कुठेच नव्हती.

तक्रार कुणाची आहे तेही पाहा. ती फक्त तुमची असेल आणि खेळाडू मजेत असतील, तर कदाचित नियम नकोच. वर्णन जरा आवरतं घ्या.

२. पुस्तकात आधीच काय आहे ते बघा

तुम्हाला हवा असलेला नियम बऱ्याचदा आधीच छापलेला असतो. २०१४च्या आवृत्तीत कितीतरी गोष्टी मुळातच ऐच्छिक आहेत. फीट (कॅरेक्टरला घेता येणाऱ्या खास क्षमता) ऐच्छिक आहेत. शत्रूला दोन बाजूंनी घेरलं तर हल्ल्याला अ‍ॅडव्हांटेज (दोन फासे फेकून मोठा आकडा धरायचा) देणारा फ्लँकिंगचा नियमही ऐच्छिक आहे. शॉर्ट रेस्ट (छोटी विश्रांती) आठ तासांची आणि लाँग रेस्ट (एरवी रात्रभराची विश्रांती) सात दिवसांची करणारा कडक पर्यायही तिथेच आहे.

छापलेला आहे म्हणून तो तुमच्या टेबलला मानवेलच असं नाही. फ्लँकिंग घ्या. अ‍ॅडव्हांटेज कितीही कारणांनी मिळालं तरी फासे दोनच फेकायचे असतात. नुसतं पलीकडे जाऊन उभं राहिल्यावर ते फुकट मिळायला लागलं, की ज्याने त्यासाठी एखादी खास क्षमता किंवा स्पेल (मंत्र) घेतलाय त्याची गुंतवणूक पाण्यात गेली. आमच्याकडे हा नियम चार सेशन टिकला. काढून टाकल्यावर सर्वांत खूष झाला तो बार्बेरियन (रानटी योद्धा), कारण अ‍ॅडव्हांटेज मिळवून देणाऱ्या त्याच्या बेदरकार हल्ल्याला पुन्हा अर्थ आला.

गारठ्यासाठी मला नवी यंत्रणा लागलीच नाही. एक्झॉशन (थकवा) नावाची स्थिती पुस्तकात आहे: सहा पातळ्या, पहिल्या पातळीला क्षमतांच्या चाचण्या डिसअ‍ॅडव्हांटेजने (दोन फाशांतला लहान आकडा धरून), सहाव्या पातळीला मृत्यू. इथे आवृत्तीचा खड्डा आहे. २०२४च्या सुधारित नियमांत हीच स्थिती वेगळी चालते. प्रत्येक पातळीमागे डी२०च्या (वीस बाजूंच्या फाशाच्या) चाचणीतून २ वजा होतात. एक खेळाडू जुनं पुस्तक घेऊन बसलाय आणि दुसरा नवं, तर भांडण ठरलेलं. कोणतं चालेल ते पहिल्याच कार्डावर लिहा.

३. नियम कार्डावर मावेल असा लिहा

चार गोष्टी हव्यात: केव्हा लागू होतो, कोणाला, काय होतं, केव्हा संपतं. शेवटची गोष्ट हमखास राहून जाते. माझा पहिला मसुदा असा होता: "आग नसलेल्या थंड रात्री प्रत्येकाने कॉन्स्टिट्यूशन सेव्ह करावा, डीसी १०. चुकला तर एक्झॉशनची एक पातळी."

म्हणजे काटकपणासाठी डी२० फेकायचा, आणि बेरीज डीसीइतकी, इथे दहा, किंवा जास्त आली तर वाचलात. दिसायला बरा. पण खाऊनपिऊन लाँग रेस्ट घेतली की एक्झॉशनची एक पातळी उतरते. म्हणजे रात्री एक चढली, पहाटे एक उतरली, हिशोब बरोबर शून्य. हे माझ्या लक्षात आलं भर सेशनमध्ये, आणि तेही नियम पाठ असलेल्या खेळाडूने दाखवून दिल्यावर. म्हणून दुसरं वाक्य आलं: "अशी रात्र एक्झॉशन उतरवण्यासाठी धरायची नाही." नवा नियम लिहिलात की पुस्तकातला कोणता जुना नियम त्याला परस्पर खोडतोय, ते शोधायचंच.

आणखी एक कसोटी: लक्षात ठेवायचं ओझं कोणावर पडतं? दर तासाला काहीतरी मोजायला लावणारा नियम तिसऱ्या सेशनला मरतो. रात्रीतून एकदा फासा, एवढं जमतं.

४. फाशांचं गणित करा, मनाचं नको

हा टप्पा कंटाळवाणा वाटतो म्हणून लोक गाळतात. निम्मे घरगुती नियम इथेच फसतात.

डी२०च्या प्रत्येक बाजूची शक्यता ५ टक्के. यावरूनच बरंच काही कळतं. सर्वांत लोकप्रिय घरगुती नियम बघा: हल्ल्यात फाशावर १ पडला तर शस्त्र निसटतं, किंवा तलवार मित्रालाच लागते. ऐकताना सगळे हसतात. आता अकराव्या लेव्हलचा फायटर घ्या, ज्याला एका वळणात तीन हल्ले मिळतात. चार राउंडच्या लढाईत बारा फेकी. बारापैकी निदान एकदा १ पडण्याची शक्यता सुमारे ४६ टक्के. म्हणजे राज्यातला सर्वांत निष्णात तलवारबाज जवळजवळ एकाआड एक लढाईत स्वतःची तलवार पाडणार. आणि शेजारचा विझर्ड, म्हणजे जादूगार? त्याचे बरेच स्पेल शत्रूला सेव्ह करायला लावतात, त्यामुळे तो स्वतः फासा फेकतच नाही. जितकं कौशल्य वाढेल तितकी फजिती वाढवणारा नियम आहे हा. ठेवायचाच असेल तर वळणातल्या पहिल्या हल्ल्यापुरता ठेवा. मी काढून टाकला.

अ‍ॅडव्हांटेजही वाटतं तितकं साधं नाही. ११ किंवा जास्त हवे असतील तर ५० टक्क्यांचे ७५ होतात, म्हणजे थेट +५ मिळाल्यासारखं. २०च हवा असेल तर ५ टक्क्यांचे पावणेदहा होतात. त्याची खरी ताकद मधल्या पट्ट्यात आहे. "छोटंसं बक्षीस" म्हणून ते उधळू नका.

काही जण डी२०ऐवजी सहा बाजूंचे तीन फासे वापरतात, कारण निकाल मध्याकडे झुकतात. झुकतात खरे. पण १४ किंवा जास्त पडण्याची शक्यता डी२०वर ३५ टक्के, तीन फाशांवर सुमारे १६. पुस्तकातले सगळे डीसी डी२० धरून बांधलेले आहेत, त्यामुळे अवघड कामं एकदम अशक्य वाटू लागतात. हा बदल एका कार्डाचा नाही, सगळं पुस्तक पुन्हा तपासायला लावणारा आहे. नव्या डीएमने (खेळ चालवणाऱ्याने) याच्या वाटेला जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत.

आता आपला गारठा. डीसी १०, सेव्हला +२. ८ किंवा जास्त पडायला हवेत, म्हणजे एकाच्या चुकण्याची शक्यता ३५ टक्के. ठीक वाटतं ना? पण चार जणांचा गट आहे. चौघांपैकी निदान एक चुकण्याची शक्यता सुमारे ८२ टक्के. जवळपास रोज रात्री कुणीतरी गारठणार. नियम एका कॅरेक्टरपुरता तपासायचा आणि गटाचं गणित विसरायचं, हा सर्रास सापडणारा सापळा.

मी डीसी हलवला नाही. जाड पांघरूण असेल तर सेव्हला अ‍ॅडव्हांटेज, एवढं जोडलं. मग एकाचं चुकणं सुमारे १२ टक्क्यांवर येतं आणि गटातल्या निदान एकाचं ४१वर. डोंगरात शिरण्यापूर्वी खेळाडू पांघरुणांचा हिशोब करू लागले. चाळणीतून नियम पार झाला.

५. जीव: दिसण्याआधी सवय

नवे लोक जीव रचताना शिंगं, डोळे, रंग इथून सुरू करतात. तसं करूनही चांगला जीव जन्मू शकतो, हे मान्य. रस्ट मॉन्स्टर आणि आऊलबेअर हे या खेळातले दोन जुने जीव खेळाचे एक निर्माते गॅरी गायगॅक्स यांना स्वस्तातल्या प्लॅस्टिकच्या खेळण्यांवरून सुचले होते. पण रस्ट मॉन्स्टर लोकांच्या लक्षात राहिला तो खेळण्यामुळे नव्हे. तो धातू गंजवतो आणि खातो. जिवाला फारसा धोका नसतानाही चिलखतवाला योद्धा त्याला पाहून मागे सरकतो आणि काठीवाला पुढे येतो. एका सवयीने अख्ख्या गटाची रांग बदलते.

म्हणून वहीत या प्रश्नांची एकेका ओळीत उत्तरं लिहा: काय खातो? कुठे राहतो? कशाने जागा होतो? पोट भरल्यावर काय करतो? कशापासून पळतो?

राखघोणीची माझी उत्तरं अशी. ती ऊब पिते. जळून गेलेल्या जागी, जुन्या राखेखाली वेटोळं करून पडते. जवळ काही उबदार तासभर टिकलं की जागी होते. पोट भरलं की तिथेच सुस्त पडते. पळत कशापासूनच नाही. फक्त आसपासच्या सर्वांत गरम गोष्टीकडे सरकत राहते.

आता गारठ्याच्या नियमाशेजारी हे ठेवा. आग पेटवली नाही तर गारठा, पेटवली तर राखघोण. जोडी म्हणतात ती ही. खेळाडू दर संध्याकाळी वाद घालतात आणि मी गप्प बसून चहाचा कप संपवते.

६. बखर: एकच सत्य, तीन तोंडं

जीवाबद्दलची कथा, समजुती, अफवा या सगळ्याला मी बखर म्हणते. ती लिहिताना सर्वज्ञ निवेदक होऊ नका. आधी सत्य स्वतःसाठी लिहा, पाच ओळींत. मग ते कोणाला किती माहीत आहे ते ठरवा.

धनगर सांगतो: "राखेवर पथारी टाकू नये." एवढंच, कारण त्यालाही ठाऊक नाही. शिकारी सांगते: "शेकोटी आपोआप खाली बसायला लागली तर पळू नका, मशाल लांब फेका." मठातली पोथी सांगते की ही घोण अग्नीने मरते.

पोथी चूक आहे. पण चूक कशी झाली ते मला माहीत आहे: कुणीतरी तिच्यावर भरपूर आग ओतली, ती निपचित पडली, आणि तो माणूस मेली समजून निघून गेला. खोटी अफवा अशीच हवी, सत्याच्या पोटातून आलेली. उगाच दिशाभूल करणारी खोटी माहिती दिलीत तर खेळाडू पुढे कोणत्याच पोथीवर विश्वास ठेवत नाहीत, आणि तुमची उरलेली बखरही वाया जाते.

जी गोष्ट कळलीच पाहिजे तिच्याकडे जाणाऱ्या वाटा निदान तीन ठेवा. दोन वाटा खेळाडू न पाहताच ओलांडतील, हे गृहीत धरा. बोलणारी माणसं झाली, आता खुणा: चुलीतल्या राखेत एकात एक वर्तुळं, भर उन्हाळ्यात भांड्यावर जमलेलं हिमाचं पापुद्र्यासारखं आवरण, अंगावर ओरखडा नसलेलं, पण दगडासारखं थंड पडलेलं खेचर. यातल्या एकाही खुणेसाठी फासा मागू नका. महत्त्वाचा धागा चाचणीमागे दडवला आणि सगळ्यांचीच फेक चुकली, तर गोष्ट तिथेच अडकून पडते.

वंशावळ, शाप, प्राचीन युद्ध? लिहा हवं तर. मीही लिहिते, सवय जात नाही.

७. आकडे शेवटी

आता स्टॅट ब्लॉक, म्हणजे जीवाच्या आकड्यांचा तक्ता. कोऱ्या कागदापासून सुरू करू नका. जवळपासच्या ताकदीचा छापील जीव घ्या आणि बदला.

लढाई किती राउंड चालावी ते आधी ठरवा. मला तीन पुरतात. चौघे तिसऱ्या लेव्हलचे, लागण्याची शक्यता ६५ टक्के, लागलं तर सरासरी ८ नुकसान: एका राउंडला साधारण २१. म्हणजे तीन राउंडसाठी ६० हिट पॉइंट (पडेपर्यंत सोसता येणारं नुकसान). मी आधी ९० दिले होते आणि घरी एकटीने चारही कॅरेक्टर चालवून लढाई खेळून पाहिली. शेवटचे दोन राउंड नुसतं "मारतो, मारते, मारतो" झालं. तीस कापले.

हल्ल्याचंही तसंच. ८ बाजूंचे दोन फासे अधिक ३, म्हणजे सरासरी १२. असे दोन हल्ले लागले तर २४. तिसऱ्या लेव्हलचा काटक योद्धा जेमतेम उभा राहतो, विझर्ड आडवा. भीती वाटायला पुरे.

मग बखरीचं आकड्यांत भाषांतर. प्रत्येक सवयीला एक ओळ मिळालीच पाहिजे, नाहीतर बखर एकीकडे आणि लढाई दुसरीकडे जाते. राखघोणीच्या ओळी अशा: आगीने तिचं नुकसान होत नाही, आणि आगीच्या स्पेलपासून ती सेव्ह करत नाही, उलट सामोरी जाते. एकूण ३० नुकसानाइतकी आग प्यायली की तासभर झोपते. आपल्या वळणाला ती सर्वांत गरम गोष्टीकडे सरकते, मग तिथे मशाल असो वा माणूस. बर्निंग हँड्स या आगीच्या स्पेलचं सरासरी नुकसान साडेदहा, म्हणजे पहिल्या लेव्हलचे तीन स्पेल खर्चले की ती झोपलीच. धनगराचं, शिकारीचं आणि पोथीचंही बोलणं टेबलवर पडताळून पाहता येतं.

८. टेबलवर आणण्याआधी विचारा

नवा नियम सेशन सुरू होण्यापूर्वी सांगा, चालू लढाईत कधीही नाही. कार्ड फिरवा, वाचायला वेळ द्या. "तीन सेशन वापरून बघू, मग मत घेऊ" म्हटलं की विरोध निम्मा मावळतो. ज्याच्या कॅरेक्टरला नियमाचा फटका बसतो त्याला निवड बदलायची मुभा द्या. खेळाच्या मध्येच नियम बदलून जुन्या निवडीची शिक्षा देणं बरं नव्हे.

जीव गुपित ठेवायचा असतो, पण त्यातल्या नकोशा गोष्टी गुपित ठेवू नका. आमच्या एका खेळाडूला बहुपाद किड्यांची खरीखुरी भीती आहे. मी आधीच सगळ्यांकडून "हे नको" अशी यादी घेतली होती म्हणून कळलं. मग राखघोणीचे पाय मी कधी वर्णिलेच नाहीत. राख सरकल्याचा आवाज, विझत जाणारा उजेड, दातांवर येणारी थंडी. जीव त्यामुळे अधिकच भयाण झाला.

९. इतरांना द्यायचं असेल तर

थोडक्यात: या आवृत्तीचा मूळ नियमसंच, एसआरडी ५.१, जानेवारी २०२३मध्ये क्रिएटिव्ह कॉमन्सच्या सीसी-बाय ४.० परवान्याखाली खुला झाला. त्यातला मजकूर श्रेय देऊन वापरता येतो, विक्रीसाठीही. पुस्तकांतलं सगळं त्यात नाही, हे लक्षात ठेवा. तुमच्या नियमाचा आधार एसआरडीत सापडतो का, ते आधी तपासा. नाव आणि बखर तुमची स्वतःची असेल तर काळजी आणखी कमी.

१०. तीन सेशननंतर वही उघडा

प्रत्येक कार्डावर तीनच नोंदी करा: किती वेळा वापरला, किती वेळा विसरलो, कोणी काय वेगळं ठरवलं. पहिला आकडा शून्य असेल तर कार्ड फाडा. दुसरा पहिल्यापेक्षा मोठा असेल तर नियम छोटा करा.

माझ्या गारठ्याच्या कार्डावर नोंद होती: पाच वेळा वापरला, एकदा विसरला. तिसऱ्या रकान्यात: "खिंडीत मुक्काम टाळून रात्रभर चालले." राखघोणीच्या कार्डाने मलाही चकवलं. तिला त्यांनी मारलंच नाही. खिंडीच्या तोंडाशी मोठी होळी पेटवून तिला पोटभर आग पाजली, ती झोपल्यावर पलीकडे उतरले, आणि परतीची वाट तीच आहे हे तीन दिवसांनी कुणाच्या तरी लक्षात आलं. सरपण तेव्हा संपलेलं होतं.